हौसेचा हिशेब

पुतण्याच्या घरी पोहोचलो त्या संध्याकाळी त्याने आम्हांला आधी दिवाणखाना दाखवला नाही, आमची खोली दाखवली नाही, की चहाही विचारला नाही. "काका, बूट काढू नका, आधी इकडे या," असे म्हणून तो मला सरळ गॅरेजमध्ये घेऊन गेला. तिथे मोटार नव्हती. ती बिचारी बाहेर पावसात भिजत उभी होती. तिच्या जागेवर स्टेनलेस स्टीलची दोन थोरली पातेली होती, गॅसची शेगडी होती, रबरी नळ्यांची वेटोळी होती, आणि कोपऱ्यात एका घोंगडीत गुंडाळलेला काचेचा पोटफुगा बुधला होता. बुधल्याच्या तोंडाशी पाण्याने भरलेली एक वाकडी नळी, आणि तिच्यातून दर तीन-चार सेकंदांनी बुडुक्, बुडुक् असा आवाज. तान्हे मूल झोपेत उचकी देते ना, तसा.

"इथं मी बिअर करतो," पुतण्या म्हणाला.

ही गोष्ट २०२३ सालच्या ऑक्टोबरातली. स्थळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगन राज्यातले हिल्सबरो, पोर्टलंड शहराच्या शेजारचे गाव. संगणकाच्या चिप्स तयार करणारे मोठे कारखाने तिथे आहेत, त्यामुळे मराठी मंडळीही आहेत. पाऊस मात्र आपल्यासारखा कोसळत नाही. एखाद्या रुसलेल्या माणसासारखा दिवसचे दिवस भुरभुरत राहतो. अशा हवेत माणसाला घरात बसून करण्याजोगा काही छंद हवा, हे मला समजते. कुणी टपालाची तिकिटे जमवील, कुणी गुलाबाची कलमे करील. पण बिअर 'करतो' हे क्रियापद माझ्या कानाला चमत्कारिक लागले.

दारूच्या संदर्भात आमच्या पिढीने ऐकलेली क्रियापदे निराळी. दारू पितात, दारू सोडतात, दारू चोरून आणतात, पोलीस ती पकडतात. दारू 'करणारा' म्हणजे हातभट्टीवाला. माझा जन्म १९४६ चा आणि मुंबई राज्यात सर्वत्र दारूबंदी आली ती १९५० साली. तेव्हा माझे सगळे बाळपण त्या कायद्याच्या छायेत गेले. आमच्या गावाच्या ओढ्याकाठी पोलिसांनी भट्टीची मडकी फोडलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. काळ्या गुळाचा आणि नवसागराचा तो उग्र वास दोन दिवस हवेतून गेला नव्हता. मडकी फुटत होती तेव्हा एक बाई कडेला उभी होती. ती रडली नाही, भांडली नाही. पदर तोंडाला लावून नुसती बघत राहिली. साठ-सत्तर वर्षांनी पुतण्याच्या लखलखीत पातेल्यांसमोर मला तीच का आठवावी, कोण जाणे!

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती न सांगता पुढे गेलो तर हे सारे लिहिणे खोटे होईल. या पुतण्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, आमचे दादा, १९८७ साली दारूने गेले. वय सत्तेचाळीस. पुतण्या तेव्हा बारा वर्षांचा होता.

नाटकातल्या दारुड्यासारखे दादा कधी झोकांड्या खात घरी आले नाहीत. कुणावर हात उगारला नाही. बाटली माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या मागे असे आणि तिचे घरातले नाव 'औषध' असे होते. आम्हीही तेच नाव चालवून घेतले. त्या काळच्या सरकारी परवान्यावरसुद्धा पिण्याचे कारण प्रकृतिस्वास्थ्य हेच असे. मग घरातल्या माणसांनी अधिक खरे बोलावे अशी अपेक्षा कुणी करावी? दादांच्या तेराव्या दिवशी मी मनाशी एक निश्चय केला आणि तो आजवर पाळला आहे. त्याचा मला अभिमान वगैरे नाही. दादांसाठी जे करायला हवे होते ते केले नाही, त्याची ती स्वस्तातली भरपाई आहे.

तेव्हा त्या संध्याकाळी घोंगडीतल्या बुधल्याकडे मी कोणत्या नजरेने पाहिले असेल याची कल्पना वाचकांना येईल. दादांच्या मुलाने हे करावे? मी काही बोललो नाही. परंतु त्याने माझा चेहरा वाचला असावा. "काका, एकदा करताना बघा. मग बोला," एवढेच तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी तो योग आला. सकाळी आठापासून दुपारी दोनपर्यंत हा कार्यक्रम चालला होता आणि त्यात आमच्या सौभाग्यवतींना माझ्यापेक्षा अधिक गोडी वाटली, हे कबूल केले पाहिजे. सातूला मोड आणून तो वाळवतात. त्याला मॉल्ट म्हणतात. असा पाचेक किलो मॉल्ट भरडून पुतण्याने गरम पाण्यात भिजवला. पाणी फार कढत असून चालत नाही आणि कोमटही चालत नाही. सदुसष्ट अंशांच्या आसपास तासभर धरावे लागते. त्या उष्णतेत मोडातली द्रव्ये जागी होतात आणि धान्यातल्या पिठाची साखर करतात. मग चोथा गाळून रस दुसऱ्या पातेल्यात घेतला, तो तासभर उकळला आणि उकळताना त्यात हॉप्स नावाच्या वेलीची वाळवलेली फुले टाकली. ही वेल ओरेगनची लाडकी. याच राज्यातल्या कॉर्व्हॅलिसच्या विद्यापीठात तयार झालेली आणि १९७२ साली शेतकऱ्यांच्या हाती आलेली कॅस्केड नावाची जात पुतण्याने आपल्या परसात दोरीवर चढवली आहे. फुले हातावर चुरडली की मोसंब्याच्या सालीसारखा वास येतो आणि जिभेला लावली की कडू जहर. त्या कडूपणाने रसाची गोडी आवरते आणि पेय टिकतेही.

उकळण्यापूर्वी त्याने मला त्या रसाचा अर्धा पेला दिला. "घ्या काका, यात अजून काही नाही." मी प्यालो. काकवीत पाणी घालून त्याला भाजक्या धान्याचा वास लावावा तशी चव. पेला खाली ठेवता ठेवता माझ्या मनात आले की आज मी जे निःशंकपणे प्यालो तेच पंधरा दिवसांनी मला वर्ज्य होणार. पाप यात केव्हा शिरते? आमच्या तरुणपणी सरकारी केंद्रांवर नीरा मिळे. सूर्योदयापूर्वी उतरवलेली ती नीरा. आणि तीच उन्हात राहिली की ताडी. सरकारी केंद्राने ती सकाळी विकली तर आरोग्य, आणि तेच मडके दुपारपर्यंत झाडाखाली राहिले तर गुन्हा. मडके तेच, झाड तेच, मध्ये माणसाने काहीच केलेले नाही; फक्त काही तास गेले. तेव्हा पाप मडक्यात शोधणे व्यर्थ आहे, इथवर तरी मी त्या अर्ध्या पेल्याबरोबर येऊन पोहोचलो.

सौभाग्यवती मात्र असल्या विचारात पडल्या नव्हत्या. रस थंड झाल्यावर पुतण्याने त्यात यीस्ट सोडले आणि बुधला पुन्हा घोंगडीत गुंडाळला तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, हे तर आंबोळीचं पीठच की!" मग त्यांनी त्याला विरजणाविषयी, नाचणीच्या आंबिलीविषयी, कुरडयांसाठी तीन दिवस भिजत घातलेल्या गव्हाच्या चिकाविषयी जे सांगितले, ते तो वहीत लिहून घेऊ लागला. थंडीत पीठ फुगत नाही, चमचा ओला असून चालत नाही, भांडे नीट घासलेले नसेल तर सगळे नासते. "काकू, शंभरातली ऐंशी टक्के बिअर म्हणजे भांडी घासणंच," तो म्हणाला. "मी कुठं काही करतो? करतं ते यीस्ट. मी त्याची मोलकरीण."

हे बोलणे मला विनयाचे वाटले आणि गमतीचेही. बव्हेरियात १५१६ साली एक प्रसिद्ध फर्मान निघाले की बिअर फक्त सातू, हॉप्स आणि पाणी यांचीच करावी. त्यात यीस्टचे नाव नाही, कारण ते कुणाला ठाऊकच नव्हते! करणारा करीत होता आणि नाव दुसऱ्याचेच होत होते. पाश्चरने १८७६ साली बिअरवर ग्रंथ लिहिला तोवर हे सूक्ष्म जीवच सारा उद्योग करतात हे पटवावे लागत होते. पण विनयाच्या पोटात एक पळवाटही असते. 'करणारा तो, मी निमित्तमात्र' हे वाक्य आपल्याकडे फार उच्च स्वरात म्हटले जाते. आणि नेमके तेच वाक्य जबाबदारी झटकतानाही कामाला येते. यीस्टने साखरेची दारू केली, ठीक. पण बाटली यीस्टने उघडली नाही आणि पेलाही त्याने भरला नाही.

संध्याकाळी मी त्याला विचारले, "हे कायद्यात बसतं का रे?" तो हसला. तिथला कायदा मोठा मजेदार आहे. १९२० पासून १९३३ पर्यंत अमेरिकेत देशभर दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी द्राक्षांची वाइन करण्याची मुभा मिळाली. बिअरची मात्र राहून गेली. ती मिळायला १९७८ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या त्या कायद्याप्रमाणे घरात एक प्रौढ माणूस असेल तर वर्षाला शंभर गॅलन आणि दोन किंवा अधिक असतील तर दोनशे गॅलन बिअर घरच्यासाठी करता येते. दोनशे गॅलन म्हणजे सुमारे साडेसातशे लिटर, महिन्याला त्रेसष्ट! हा कायदा उदार म्हणावा की भोळा? भट्टी लावून दारू गाळण्याची मुभा मात्र त्या कायद्याने दिली नाही. राज्ये आपापल्या परीने आणखी अडून बसली होती. अलाबामा आणि मिसिसिपी यांनी तर २०१३ साली मान तुकवली. इंग्लंडातही १९६३ पर्यंत घरी बिअर करायला परवाना लागत असे.

ओरेगनची कथा त्याहून नमुनेदार. घरी केलेली बिअर घरीच प्यावी, असा तिथल्या कायद्याच्या शब्दांचा अर्थ २०१० साली अधिकाऱ्यांनी लावला. त्यामुळे राज्याच्या जत्रेतली घरगुती बिअरची स्पर्धाच रद्द झाली. उंबऱ्याच्या आत छंद, उंबऱ्याबाहेर गुन्हा. पुढच्या वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि बाटल्यांना उंबरा ओलांडता आला. विकायची मात्र नाही. सगळ्या नियमांचा कणा हा एकच: करा, प्या, मित्रांना द्या, पैसे घेऊ नका.

पैसे न घेतल्याने वस्तू शुद्ध होते ही कल्पना आपल्याही रक्तात आहे. ताक विकायचे नाही, मागेल त्याला द्यायचे, अशी आमच्या आईची शिकवण होती. म्हणून प्रथम मला हा कायदा पटला. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर 'एकच प्याला' आठवले. तळीरामाने सुधाकराला पेला विकला नव्हता! आर्य मदिरा मंडळाच्या त्या उत्साही सभासदाने स्नेहाने, सहानुभूतीने, दुःखावर उतारा म्हणून तो पुढे केला होता. गडकऱ्यांचे ते नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्याला शंभर वर्षे उलटून गेली, पण अजूनही मराठी घरात 'तळीराम' म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. फुकट देणाऱ्याचे हात स्वच्छ असतात हे खरे असते, तर सिंधूचा संसार मोडला नसता.

मग फरक कुठे आहे? मला वाटते, तो हौस या शब्दातच आहे. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो, पण हौसेला सबबही नाही, हे विसरतो. ओढ्याकाठच्या त्या बाईला पोट होते. तिने भट्टी लावली ती मुलांच्या तोंडी भाकरी पडावी म्हणून. तिचे करणे चूक म्हणा, पण तिला सबब होती. कारखानदाराला कामगार आणि भागधारक पुढे करता येतात. सरकारला तिजोरी पुढे करता येते. मालाडच्या मालवणीत २०१५ सालच्या जूनमध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. तिथे करणारा वेगळा, वाहणारा वेगळा, विकणारा वेगळा, आणि प्रत्येकाला आपल्यामागच्या हाताकडे बोट दाखवता येत होते. हौशी माणसाला असे काहीच दाखवता येत नाही. 'मला आवडते म्हणून मी केले' एवढेच त्याला म्हणता येते. म्हणून नीतीची परीक्षा पाहायची तर ती गरजेच्या कामात पाहू नये, हौसेच्या कामात पाहावी.

आणि इथे एक टोचणारी गोष्ट आहे, ती नोंदवून ठेवतो. ज्याला सबब होती तिची मडकी फुटली. ज्याला सबब नाही त्याला स्पर्धेत पदक मिळते. आपल्याकडेही घरी बिअर करणे परवान्याशिवाय आजही गुन्हाच आहे, पण हा गुन्हा केल्याबद्दल एखाद्या इंजिनिअरच्या सदनिकेवर छापा पडल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. मोहाची दारू काढणाऱ्या झोपडीवर पडल्याचे मात्र पुष्कळदा ऐकले. उलट ज्या गावांतल्या बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्के मारून दारूची दुकाने बंद केली, त्यांना ही 'हौस' कुठल्या तोंडाने सांगावी? माझ्यापाशी उत्तर नाही. पुतण्यापाशीही नव्हते. "खरं आहे, काका," एवढे म्हणून तो गप्प बसला, आणि गप्प बसला म्हणून मला तो त्या क्षणी अधिक आवडला.

आता त्याच्या वहीविषयी सांगतो. ही जाड पुठ्ठ्याची वही गॅरेजात नसते; स्वयंपाकघरात, फ्रीजशेजारी खिळ्याला दोरीने टांगलेली असते. डाव्या पानावर कृती: तारीख, मॉल्ट किती, पाणी किती अंश, आंबण्यापूर्वी हायड्रोमीटरवर आकडा १.०५०, आंबून झाल्यावर १.०११, म्हणजे मद्यार्क सुमारे पाच टक्के. पुढे शेरे. 'कच्च्या सफरचंदाचा वास, घाई केली.' 'बाटलीत साखर जास्त, दोन फुटल्या.' 'आंबट. नळी नीट धुतली नव्हती. १९ लिटर मोरीत.' इतक्या प्रामाणिकपणे आपल्या चुका लिहिणारा माणूस मी वर्तमानपत्रात तरी पाहिलेला नाही. हे सगळे कुतूहलाने वाचून मी उजवे पान पाहिले, तर तिथे नुसती नावे होती आणि नावांपुढे आकडे. कुणी किती पेले घेतले, तारीखवार. सगळ्यांत अधिक वेळा 'मी' असे लिहिलेले होते.

"हे काय?" मी विचारले.

तो बराच वेळ भांडी पुसत राहिला. मग म्हणाला, "सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, काका. एकदा रात्री गॅरेजमध्ये एकटाच बसलो होतो. तिसरा पेला हातात होता. मी स्वतःला सांगत होतो की मी चव बघतोय. प्रयोग आहे, बघायला नको का? आणि एकदम लक्षात आलं. बाबांचं औषध, माझा प्रयोग."

मी काय बोलणार!

"तेव्हापासून लिहितो. आणि एकट्यानं घेत नाही."

दिवाळीच्या आदल्या शनिवारी त्याच्याकडे पंधरा-वीस मंडळी जमली होती. चकल्या होत्या, अनारसे होते, आणि त्याची बिअर होती. बाटल्या त्याने टेबलावर मांडल्या नाहीत. प्रत्येकाचा पेला तो स्वतः भरून देत होता आणि आत जाऊन वहीत लिहून येत होता. एक मित्र, चांगला जुना मित्र, तिसऱ्यांदा पेला घेऊन आला तेव्हा पुतण्याने तो भरला नाही. "तुला गाडी चालवायचीय," तो म्हणाला. मित्राला राग आला. "अरे, बारमध्येसुद्धा कुणी असं विचारत नाही!" "त्यांना तू कोण ते ठाऊक नसतं," पुतण्या म्हणाला, "मला ठाऊक आहे." थोडा वेळ वातावरण अवघडले. मग सूनबाईंनी आल्याचे सरबत आणले आणि बोलणी क्रिकेटवर गेली.

दुकान काढ असा आग्रह त्याला पुष्कळांनी केला आहे. तिकडे तशी उदाहरणेही आहेत. कॅलिफोर्नियातल्या केन ग्रॉसमन या गृहस्थाने घरच्या छंदातून सुरुवात करून १९८० साली काढलेला बिअरचा कारखाना आज केवढा तरी मोठा झाला आहे. पुतण्याला ते नको आहे. कारण विचारले तर म्हणाला, "मग पेला कोण भरतंय ते मला दिसणार नाही."

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पुतण्या सज्जन, वही पवित्र, काकांची शंका दूर. परंतु माझी शंका दूर झाली नाही. दादासुद्धा मोजून घेत! औषधाचे काचेचे माप होते त्यांच्याजवळ, दोन मापांच्या वर एक थेंब नाही असा नियम होता, आणि तो नियम पाळता पाळताच ते गेले. मापाचे वाटीत रूपांतर केव्हा झाले ते कुणालाच कळले नाही. हिशेब ठेवणारा माणूस पैसे खात नाही असे थोडेच आहे? उलट अफरातफर करायला हिशेब यावा लागतो. हे मी त्याला सरळ बोलून दाखवले. म्हातारपणी माणसाने निदान एवढे कठोर व्हावे.

तो चिडला नाही. "म्हणून तर वही इथं टांगली आहे," तो म्हणाला. "आणि बेरीज मी करत नाही."

बेरीज त्याची मुलगी करते. चौदा वर्षांची आहे. महिनाअखेरीस ती वही काढून घेते, प्रत्येकाच्या नावाची बेरीज मांडते, आणि बापाची बेरीज मागच्या महिन्यापेक्षा वाढली असेल तर लाल पेनने वर्तुळ करते. मी अशी दोन वर्तुळे पाहिली.

मला हे आवडले नाही, आणि अजूनही पुरते आवडलेले नाही. लेकराने बापाचे पेले मोजावेत हे काय? हे ओझे तिच्या अंगावर का? रात्री मी सौभाग्यवतींजवळ हेच बोललो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग अंधारातच म्हणाल्या, "तोही मोजायचा." मला कळले नाही. "दादांच्या बाटल्या. मखर काढायला माळ्यावर चढला की मोजून यायचा, आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात आकडा सांगायचा. दहा वर्षांचा होता. तुम्हांला सांगू नको म्हणायचा."

दोन वर्षे ते पोर आकडे सांगत होते आणि ते कुठे लिहिले जात नव्हते. खोलीच्या भिंतीपलीकडे गॅरेज होते. रात्रीच्या शांततेत त्या बुधल्याचे बुडुक् बुडुक् ऐकू येत होते. मला पहाटेपर्यंत झोप लागली नाही.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. आपण परसात चढवलेल्या वेलीच्या फुलांची नवी बिअर त्याच दिवशी प्रथम उघडायची होती. त्याने मला आग्रह केला नाही; पेला नुसता नाकाजवळ धरू दिला. मोसंब्याची साल, ओली माती, आणि मागे कुठेतरी भाजक्या सातूचा वास. मी पेला परत दिला. तेवढ्यात सौभाग्यवती स्वयंपाकघरातून चहाचा चमचा घेऊन आल्या आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी त्या पेल्यातला एक चमचा तोंडात घातला, पीठ आंबले की नाही ते बघावे तसा. डोळे मिटून क्षणभर विचार केला आणि आपले मत दिले.

मोटारीत सामान ठेवून मी चष्मा विसरला म्हणून आत आलो, तो नात वही उघडून उभी होती. उजव्या पानावर तिने नुकतेच लिहिले होते: 'काका आजोबा — वास. काकू आजी — १ चमचा. शेरा: थोडं कमी आंबायला हवं होतं.'